दोन रेघा

मिस्त्रींच्या बंदुकांची गल्लीत पुष्कळ थट्टा व्हायची. जाता-येता कोणीही कुंपणावरून डोकं काढून विचारावं, "काय मिस्त्री, आज किती कागद मारले?" आणि मिस्त्रींनी चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता सांगावं, "तीन मारले. एक जखमी होऊन पळाला."

कागदाखेरीज त्यांच्या बंदुकीनं कशालाही कधी इजा केली नव्हती. पहिली बंदूक तयार झाली त्याच दिवशी मिस्त्रीणबाईंनी त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, की जीव असलेल्या कशावरही ही रोखायची नाही, चिमणी नाही की उंदीर नाही. "अगं, मला मारण्यात रस असता तर कारखान्यातले साहेब माझ्या हातून वाचले असते का?" मिस्त्री म्हणाले होते. पण वचन दिलं होतं आणि पाळलं होतं.

चौतीस वर्षं ते एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. बाकीचा कारखाना ज्या साच्यांमधून माल काढतो, ते साचे करणारी माणसं तिथं बसतात. निवृत्त झाल्यावर मिस्त्रींनी घरामागच्या खोलीत लोखंड कातायची एक जुनी लेथ आणून बसवली आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या छऱ्याच्या बंदुका करायला घेतल्या. सहा वर्षांत सात. विकली एकही नाही. लाकडी दस्ते त्यांचे मित्र सुतार करून द्यायचे, आणि परसातल्या फळीवर लावायच्या कागदांवर कंपासनं वर्तुळं काढायचं काम मिस्त्रीणबाईंचं. "घरचाच कारखाना आहे आमचा," त्या शेजारणीला सांगायच्या, "माल निघत नाही, कचरा तेवढा निघतो." आणि केरसुणीनं लोखंडाचा कीस गोळा करत राहायच्या. बोलणं हा बाईंचा जीव. आवाज हळू, पण धार अखंड. त्या केर काढतानाही केराशी बोलायच्या.

बंदुकीचं काळीज म्हणजे आतला नळा आणि त्यात सरकणारा दट्ट्या. दट्ट्या हवा दाबतो, ती हवा छऱ्याला ढकलते. बाजारातल्या बंदुकीत दट्ट्याला चामड्याची नाहीतर रबराची चकती असते, म्हणजे हवा बाजूनं निसटत नाही. मिस्त्रींना ती चकती म्हणजे लबाडी वाटायची. "चकती लावली की कोणाचंही काम खपतं," ते म्हणायचे. त्यांचा दट्ट्या नुसता पोलादाचा, पोलादाच्याच नळ्यात, आणि मधे तेलाचा एक श्वास राहील एवढीच जागा.

ती बसणी पारखायची त्यांची एक रीत होती. नळ्याचं खालचं तोंड बंद करून तो उभा धरायचा आणि वरून दट्ट्या सोडायचा. काम चोख असेल तर खालची कोंडलेली हवा त्याला झेलून धरते, आणि तो जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा जपून जपून खाली येतो. मिस्त्री मोठ्यानं आकडे मोजायचे. पहिल्या बंदुकीचा दट्ट्या एकोणिसाला तळाशी गेला होता, सातव्या बंदुकीचा चव्वेचाळीसला. त्या दिवशी सुतार तिशीच्या पुढे श्वास रोखून बसले होते. "मिस्त्री, हा उतरतोय की मुक्काम टाकतोय?" ते शेवटी न राहवून म्हणाले. स्वयंपाकघरात बाई बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. जपाची सवय असलेली बोटं, आकडा चुकायचा नाही. चव्वेचाळीस. त्यांनी हात धुऊन चहा टाकला होता.

या सगळ्याच्या मुळाशी एक मायक्रोमीटर होता. मिस्त्रींनी नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेला, मुठीत मावेल एवढा. त्याच्या दोन दाढांमध्ये वस्तू धरायची आणि फिरत्या नळीवरच्या बारीक रेघा वाचायच्या. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. तो कधीतरी जमिनीवर पडला होता, त्याला तीस वर्षं झाली असतील, आणि तेव्हापासून रिकामा मिटला की शून्यावर थांबण्याऐवजी दोन रेघा पुढे जायचा. म्हणजे जे काही मोजावं ते दोन रेघा कमीच दाखवायचा. दुरुस्ती पाच मिनिटांची होती. मिस्त्रींनी ती कधी केली नाही. दिसेल त्या आकड्यात मनातल्या मनात दोन मिळवायचे, की झालं. हे घरात कोणाला सांगावं असं त्यांना कधी वाटलं नाही. आपण श्वास घेतो हे कोणी घरात सांगतं का?

बाईंना एवढंच ठाऊक होतं, की सुतार त्या हत्याराला तिरळा म्हणतात.

"भाऊजी, पण तिरळ्याच्या डोळ्यानं हे नीट माप कसं घेतात?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"वहिनी, तुम्ही यांच्याबरोबर संसार कसा करता? तसंच."

आठव्या बंदुकीचा नळा तयार झाला आणि दट्ट्याला हात घालायचा त्याच आठवड्यात मिस्त्री पडले. अंघोळीहून बाहेर येताना टॉवेल हातातून गळाला, आणि तो उचलायला गेलेला उजवा हात काही केल्या उचलेना. मेंदूला झटका होता. डॉक्टर म्हणाले, हलका आहे. तीन आठवडे दवाखान्यात काढावे लागले.

दवाखान्याच्या जिन्यात, माणसं वर-खाली करत असताना, एका पायरीच्या कडेला बसून बाईंनी देवाशी बोलणी केली. दुसरं त्यांच्यापाशी द्यायला काय होतं? उपास त्या आधीच करत होत्या. जप होताच. तेव्हा त्यांनी आपल्याला सर्वांत प्यारं होतं ते दिलं. यांचा हात परत दे, त्या म्हणाल्या, मी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. रोज. मरेपर्यंत. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तो नेम धरला.

त्याच दिवसांत त्या घरी येऊन मागची खोली झाडत असताना तिरळा त्यांच्या हाती लागला. दवाखान्याच्या रस्त्यावर एक दुकान होतं, घड्याळं, तराजू आणि मापाची हत्यारं दुरुस्त करणाऱ्याचं. बाईंनी तिरळ्याला रुमालात गुंडाळलं आणि एका दुपारी तिथं नेलं. दुरुस्तीवाल्यानं तो मिटला, भिंगातून पाहिलं, एक एवढीशी चावी लावून हलकेच फिरवली.

"घ्या. आता शून्याला शून्य."

"एवढंच?"

"एवढंच. आणि एवढ्यासाठी कोणी इतके दिवस असाच वापरला? कमाल आहे बुवा."

बाईंचा ऊर भरून आला. हात परत येणार, आणि हातात हत्यारही नीट झालेलं असणार. मिस्त्रींना सांगताना त्यांचा चेहरा कसा होईल ते त्या रस्ताभर मनात बघत आल्या.

मिस्त्री घरी आले ते एका सकाळी अकराच्या सुमाराला. काठी टेकत थेट मागच्या खोलीत गेले. डाव्या हातानं त्यांनी मायक्रोमीटर उचलला, मिटला नाही, उघडला नाही, नुसता अंगठा त्याच्या कमानीवरून फिरवला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी लपवलं नाही.

"सगळं बदललं बघ," ते म्हणाले. "घराच्या पायऱ्या उंच झाल्या. शर्टाची बटणं बारीक झाली. हा मात्र होता तसाच आहे."

बाई दारात उभ्या होत्या. बारा वाजायचे होते. बारानंतर सांगू, असं त्यांनी ठरवलं. बारानंतर मिस्त्री झोपले. उठले तर सुतार भेटायला आले. मग ते वाक्य आठवून बाईंना सांगणं निर्दय वाटायला लागलं. होता तसाच आहे, म्हणाले. नाही हो, तोही नाही, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? आणि बिघडलेली वस्तू नीट झाली, यात सांगण्यासारखं तरी काय होतं? राहून गेलं.

हात खरंच परत आला. कसरत शिकवायला एक मुलगी घरी यायची, हसरी पण कडक. रबरी चेंडू दाबायचा, मण्यांमध्ये दोरा ओवायचा, पाटीवर रेघा ओढायच्या. "आजोबा, हात वापराल तेवढा तुमचा," ती रोज जाताना बजावायची. "तुम्ही थांबलात की तोही थांबला." अडीच महिन्यांत मिस्त्री उजव्या हातानं जेवायला लागले. नाव लिहायला लागले. "देवानं हात घेतला आणि परत दिला," ते सुतारांना सांगायचे, "वर सकाळची शांतता बक्षीस दिली." बाई नुसत्या डोळ्यांनी रागवायच्या, आणि बाराच्या ठोक्याला सगळी उसनवारी फेडून घ्यायच्या.

एके दिवशी जेवताना मिस्त्री म्हणाले, "उद्यापासून दट्ट्याला हात घालतो. हा आठवा जमला म्हणजे हात आला. चेंडू दाबणं आणि नाव लिहिणं खरं नव्हे, ते पोरंही करतात. नाही जमला तर लेथ देऊन टाकू कोणाला तरी."

"असं कशाला बोलायचं?"

"बोललो. आता बोललो ते बोललो."

हसतच म्हणाले होते. पण हा माणूस हसत बोललेलंच पाळतो, हे बाईंना चाळीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी लेथ सुरू झाली. बाई दाराशी पाटावर बसून कागदांवर वर्तुळं काढत होत्या. पोलादाचा दांडा फिरत होता, त्यावरून निळसर कीस वळत खाली पडत होता, तेलाचा तो ओळखीचा जळका वास घरभर झाला होता. मिस्त्री मधूनमधून लेथ थांबवत, मायक्रोमीटर लावत, भिंग डोळ्याशी नेत. शेवटी शेवटी नुसत्या पॉलिशच्या कागदानं अलगद घासणं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंगातून पाहिलं आणि पुटपुटले, "चोवीस अठ्ठ्याण्णव." मग मान हलवली. बास. पंचवीस झालं.

बाईंनी ते पुटपुटणं ऐकलं. त्यांच्या लेखी तो एक आकडा होता.

मिस्त्रींनी दट्ट्या पुसला, तेलाचं बोट लावलं, नळा उभा धरला. बाईंनी कंपास खाली ठेवला आणि पेरावर अंगठा टेकवला.

एक, दोन, आणि टप्प.

एवढंच. तळाशी धातूवर धातू आपटल्याचा आवाज. मिस्त्रींनी नळा उलटा केला, दट्ट्या तळहातावर घेतला, पुन्हा पुसला, पुन्हा सोडला. टप्प.

"पहिलाच आहे," ते म्हणाले. "चार महिन्यांनी बसलोय."

दुसऱ्यालाही तसंच झालं. तिसऱ्या वेळी सुतार हजर होते. त्यांनी आठव्या बंदुकीचा दस्ता पूर्ण करून आणला होता, गडद लाकडाचा, गालाला टेकतो तिथं मऊ उतार दिलेला. टप्प असा आवाज झाल्यावर सुतारांना काय बोलावं कळेना. बोललं तर पाहिजे, म्हणून ते म्हणाले, "मिस्त्री, लावून टाका ना एक चकती. कोण बघतंय आत?"

मिस्त्रींनी दट्ट्या पुसायला घेतला. सुतारांनी जीभ चावली.

"माप बरोबर येतंय," मिस्त्री म्हणाले, जसं काही स्वतःलाच शिकवत होते. "यानं मला इतक्या वर्षांत एकदाही फसवलेलं नाही. म्हणजे माप बरोबर, आणि तरी हवा निसटते. याचा अर्थ एकच. घासताना हात कापतोय. मला कळत नाही इतका बारीक कापतोय. पृष्ठभागावर टेकड्या आणि दऱ्या होताहेत. मायक्रोमीटर टेकड्यांवर टेकतो, आणि हवा दऱ्यांमधून जाते."

किती शहाणपणाचं बोलणं होतं ते! त्यात एकही कडी सुटी नव्हती. बाई दाराशी बसून ऐकत होत्या आणि त्यांनाही ते पटत होतं.

चौथ्या दट्ट्याला त्यांनी नऊ दिवस दिले. शेवटच्या दिवशी सकाळी तर इतकं जपून घासत होते की बाईंना वाटलं, हे पोलाद नाही, तान्ह्या मुलाचं कपाळ आहे. "अठ्ठ्याण्णव," मिस्त्री म्हणाले. नळा उभा धरला. बाईंनी डोळे मिटले. एक, दोन. टप्प.

मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी चारही दट्ट्ये पुसून एका डब्यात घातले, लेथवर कापड टाकलं, दिवा मालवला. बाहेर येऊन हात धुतले आणि उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला. "गेला," ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी हाय खाल्ली. चेंडू कोनाड्यात पडून राहिला. कसरतीची मुलगी आली तेव्हा ते तिच्याशी अदबीनं बोलले आणि तिला पुन्हा येऊ नको म्हणाले. घास डाव्या हातानं घ्यायला लागले. बाईंनी विनवण्या केल्या, रागावल्या, रडल्या. "अहो, ती म्हणाली होती ना, थांबलात की तो थांबला. नाव तरी लिहा रोज. माझ्यासाठी लिहा." मिस्त्री शांतपणे म्हणत, "नसलेल्या हाताला कसली कसरत?" खिशातला तो हात पाहुण्यासारखा झाला होता. कोणी त्याला कामाला लावत नव्हतं, आणि तोही आपण होऊन उठत नव्हता.

बाईंनी रात्रीचं जेवण सोडलं. मौन तर चालूच होतं. माझ्या नेमात काय उणं राहिलं, असं त्या देवाला विचारत. देव्हाऱ्यातला दिवा स्थिर जळत असे. असे चार महिने गेले.

मग लेथ द्यायचं ठरलं. टूलरूममध्ये मिस्त्रींच्या हाताखाली शिकलेला एक फिटर होता, आता स्वतःच पन्नाशीला आलेला. त्याला त्यांनी निरोप धाडला, ये आणि घेऊन जा, असंच घेऊन जा. तो एका सुट्टीच्या सकाळी दोन हमाल घेऊन आला. मिस्त्री तो यायच्या आधीच काठी घेऊन जवळच्या बागेत जाऊन बसले होते.

फिटर वाकून लेथच्या पायांचे बोल्ट सोडवत होता. बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांचं मौन त्याला ठाऊक होतं, त्यामुळे दोघांचं बोलणं तो एकटाच बोलत होता. "काकू, डोळ्यांदेखत नेणं जिवावर येतंय. पण मिस्त्रींचा शब्द. आणि हा डबा? हे दट्ट्ये फुकट गेलेले का?"

बाईंनी मान हलवली.

फिटरनं एक दट्ट्या उचलून खिडकीच्या उजेडात फिरवला. मग सवयीनं खिशातला स्वतःचा मायक्रोमीटर काढून लावला. दुसरा उचलला. तिसरा. चौथा मधे मोजला, दोन्ही टोकांना मोजला, आडवा फिरवून मोजला. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"काकू, हे हात गेलेल्या माणसाचं काम? आरसा आहे आरसा. टेकडी नाही, दरी नाही. हात कापत असता तर एक जाड झाला असता, एक बारीक. हे चौघं म्हणजे एकाच खेपेची भावंडं आहेत. चारही चोवीस अठ्ठ्याण्णव. पंचवीसला दोन रेघा कमी, पण चौघंही तेवढेच कमी." त्यानं चौथा दट्ट्या डब्यात परत ठेवला. "हात नाही चुकला. माप चुकलं. तिरळा कुठाय?"

बाईंनी फळीकडे बोट दाखवलं. ते बोट कशानं जड झालं होतं ते त्यांना अजून कळलं नव्हतं.

फिटरनं तिरळा रिकामा मिटला. खटक, खटक. भिंगाशिवायच त्याला दिसलं.

"हा तर शून्यावर आहे! हा नीट कोणी केला? अहो, मिस्त्री तर यात मनानं दोन मिळवायचे. मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, माझ्या हत्याराला हात लावशील तर दोन मिळवायला विसरू नकोस. म्हणजे त्यांनी बिचाऱ्यांनी..."

पुढचं त्याला बोलावं लागलं नाही. बाईंच्या कानात चारही वेळचं ते पुटपुटणं एकदम वाजलं. अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव. तेव्हा त्या तिथंच पाटावर बसल्या होत्या. कंपास हातात घेऊन. तोंड मिटून.

हमालांनी लेथच्या खाली पहारी घातल्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा झाले होते.

"ठेवा," बाई म्हणाल्या.

फिटर दचकला. हमाल थबकले.

"ठेवा तिला खाली. कुठंही जायची नाही ती." आणि मग, कोणी न विचारताच, "मी नीट केला. मी."

डबा आणि तिरळा पदरात घेऊन त्या बागेत गेल्या. मिस्त्री तळ्याकाठच्या बाकावर बसले होते, उजवा हात खिशात. बाई समोर येऊन बोलायला लागल्या तेव्हा त्यांनी आधी डाव्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"अगं," ते घाबरून म्हणाले, "बारा वाजायचे आहेत."

बाईंनी सगळं सांगितलं. जिन्यातला नवस, रुमाल, एवढीशी चावी, बारानंतर सांगू म्हणून राहून गेलेलं. मिस्त्री ऐकत होते. मग त्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि तिरळा मागितला. बाईंनी तो तळव्यावर ठेवला. बोटं मिटायला गेली आणि मिटलीच नाहीत, नुसती थरथरत त्याच्या कडेवरून घसरली. तिरळा बाकावर पडला.

"तू मीट," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी मिटला. खटक, खटक. "शून्य," त्या म्हणाल्या.

"आता ते चौघं मोज."

त्यांना भिंग लागलं नाही. कंपासनं वर्तुळं काढून काढून त्यांचे डोळे बारीक रेघांना सरावले होते. अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव.

"चारही?"

"चारही."

मिस्त्रींचा चेहरा क्षणभर असा उजळला, की चाळीस वर्षांपूर्वी नोकरीचं पत्र दाखवायला आलेला तो मुलगा बाईंना त्यात दिसला. "अंथरुणातून उठलेल्या माणसाचा हात होता तो," ते म्हणाले. "बघ. चारही." मग तो उजेड गेला. "चौतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, काम सुरू करायच्या आधी रिकामा मिटून शून्य बघा. पोरांना सांगत आलो."

"माझंच चुकलं हो."

"तुझं काय चुकलं? तू वस्तू नीट केलीस. वस्तू नीट करणाऱ्याला कोण बोल लावील?" ते म्हणाले. ते रागावले असते तर बाईंना सोसलं असतं.

फिटरनं लेथ पुन्हा पातळीत बसवून बोल्ट आवळून दिले. कसरतीच्या मुलीला बोलावणं गेलं. तिनं मिस्त्रींचा हात बराच वेळ आपल्या हातात धरला, एकेक बोट वाकवून पाहिलं. या खेपेला ती हसली नाही. "चार महिने फार झाले, आजोबा," ती म्हणाली. "करत राहू या. पण फार झाले."

तरी मिस्त्रींनी पाचवा दट्ट्या केला. बारा दिवस लागले. लेथमध्ये दांडा आवळायची चावी हातातून निसटून तीनदा जमिनीवर पडली. सुतार शेजारी उभे राहून दांडा धरायचे आणि एकही विनोद करायचे नाहीत. माप बाई घेत होत्या, आणि सकाळी बोलत होत्या. मोडलेला नेम पुन्हा कसा धरायचा, ते त्यांना कळत नव्हतं. शेवटच्या दिवशी त्यांनी पाचवा दट्ट्या पाच ठिकाणी मोजला. पाच आकडे आले. त्यांनी पुन्हा मोजलं. आणखी निराळे आले. बोट फिरवलं तर बोटालाही लागत होतं.

"सोड," मिस्त्री म्हणाले. "तूच सोड."

बाईंनी नळा धरला. सुतारांनी तोंड फिरवलं. पेरावर अंगठा जायच्या आत आवाज झाला.

मिस्त्रींनी मान हलवली. "याला म्हणतात हात गेलेल्या माणसाचं काम," ते सुतारांना म्हणाले. "ते चार वेगळे ठेवा. यात मिसळू नका." मग बाईंकडे वळून म्हणाले, "त्याला होता तसा करून आण."

"कोणाला?"

"तिरळ्याला. दोन रेघा पुढे."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर बाईंनी तोंड उघडलं नाही. कोणासाठी आणि कशाच्या बदल्यात, हे त्यांनी या खेपेला देवाशी ठरवलं नाही. नुसतं उघडलं नाही. रुमालात तिरळा घेऊन त्या दवाखान्याच्या रस्त्यावरच्या दुकानात गेल्या आणि घरून लिहून आणलेली चिठ्ठी त्यांनी पुढे सरकवली. दुरुस्तीवाल्यानं ती दोनदा वाचली.

"बाई, दोन रेघा चुकीचा करून द्या, असं लिहिलंय. माझ्याकडे लोक चूक काढायला येतात. घालायला कोणी येत नाही."

बाईंनी चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि उचललं नाही. मग त्यानं ती एवढीशी चावी काढली.

घरी मिस्त्री मागच्या खोलीत स्टुलावर बसले होते. लेथवर कापड होतं. भिंतीला सात बंदुका आणि आठवा रिकामा दस्ता. बाईंनी तिरळा त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तो छातीशी टेकवून अंगठ्यानं मिटला. दोन रेघा पुढे गेला. त्यांनी भिंगातून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि तो बाईंच्या हातात परत दिला. बाईंनी फळीवर ठेवला.

बाहेर कोणीतरी कुंपणावरून हाक मारली, "काय मिस्त्री, आज किती मारले?" आत कोणी ओ दिली नाही. माणूस थोडा थांबून निघून गेला.

बाई दाराशी पाटावर बसल्या. घड्याळात बारा वाजले. आता बोलायची मोकळीक होती. मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं, ती ओळखीची धार सुरू होईल म्हणून वाट पाहिली. बाईंनी तोंड उघडलं, आणि त्यांना सांगण्यासारखं काही आठवलं नाही.